मुलांना घेऊन घाटमाथ्यावर

इंदूरकर माणूस पाहुण्याला राजवाडा दाखवितो, सराफ्यात नेतो, सवड असली तर मांडूलाही घेऊन जातो. पण आपले शहर ज्या पठारावर वसले आहे ते पठार कोठे संपते, हे तो स्वतःच्या मुलाला क्वचितच दाखवितो. शहराच्या दक्षिणेस मोटारीने तास-दीड तास गेले की माळवा एकाएकी तुटतो आणि खाली निमाडचा सखल प्रदेश पसरलेला दिसतो. विंध्याचा हा कडा आपल्या मुलांनी पायी चालून पाहावा आणि या कामी आपण डॉक्टर मंडळींनी पुढाकार घ्यावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

हे मत केवळ निसर्गप्रेमातून आलेले नाही. बालरोगतज्ज्ञाकडे येणाऱ्या मुलांत वाढलेले वजन, लवकर लागणारा चष्मा आणि जिना चढताच लागणारी धाप या तक्रारी आता नित्याच्या झाल्या आहेत. पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे तरी अंगमेहनतीची हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. चीनमधील ग्वांगझू येथील शाळांतून झालेला व २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की, शाळेत रोज ४० मिनिटे अधिक उघड्यावर घालविणाऱ्या मुलांत तीन वर्षांत लघुदृष्टीचे प्रमाण इतर मुलांपेक्षा कमी राहिले. हे सारे आपणांस ठाऊक आहे, म्हणून आपण पालकांना सांगतो, "मुलाला बाहेर न्या, हालचाल वाढवा." परंतु औषधाचे नाव, मात्रा आणि वेळ न लिहिता कोणी चिठ्ठी देतो काय? चालण्याच्या सल्ल्यालाही ठिकाण, ऋतू आणि अंतर यांची जोड हवी. माझ्या आवडीची तीन ठिकाणे याच दृष्टीने पुढे मांडतो.

पहिले ठिकाण रालामंडल. शहराला लागूनच असलेली ही टेकडी १९८९ पासून अभयारण्य आहे. माथ्यावर होळकरांची जुनी शिकारगाह आहे. पाच-सहा वर्षांचे मूल थांबत-थांबत हा चढ सहज चढते. वाटेत चितळ दिसतात, मोर दिसतात आणि वर पोहोचल्यावर आपले विस्तारलेले शहर दिसते. पहिल्या चालण्यासाठी याहून सोयीची जागा नाही.

दुसरे ठिकाण जानापाव. महूच्या पुढे, इंदूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर असलेला हा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे ८५० मीटर उंच आहे; म्हणजे इंदूरहून तीनशे मीटर अधिक. परशुरामाचे जन्मस्थान म्हणून त्याची ख्याती आहे आणि कार्तिकी पौर्णिमेला येथे जत्रा भरते. चंबळ नदी येथेच उगम पावते. मुलाला माथ्यावर उभे करून सांगावे की, या बाजूला पडलेला पावसाचा थेंब चंबळेतून यमुनेला, पुढे गंगेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतो. त्या बाजूला पडलेला थेंब नर्मदेतून अरबी समुद्रात जातो. भूगोलाच्या पुस्तकातील 'जलविभाजक' हा शब्द मग पाठ करावा लागत नाही. पायाखालचा काळा कातळही दाखवावा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्या लाव्हाने सह्याद्री घडला, त्याच लाव्हाचा हा दगड आहे. रायगडाच्या गोष्टी ऐकून मोठ्या होणाऱ्या आपल्या मुलांना त्याच जातीचा दगड घराजवळ भेटतो, ही साधी गोष्ट नव्हे.

तिसरे ठिकाण जाम दरवाजा. महूहून मंडलेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अगदी कड्याच्या तोंडाशी, अहिल्याबाईंच्या कारकिर्दीत १७९१ साली बांधलेला हा दरवाजा आहे. महेश्वरची राजधानी आणि माळव्याचे पठार यांमधील वाट येथून जात असे. इंदूर १९७८ पासून नर्मदेचे पाणी पिते. मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून उपसून, हाच विंध्य चढवून ते आपल्या नळांपर्यंत आणले जाते. कड्यावरून खोल निमाड पाहिलेले मूल नळ उघडा ठेवताना एकदा तरी विचार करील.

दुर्दैवाने आज यांपैकी बहुतेक जागी आपण चालत नाही. जानापावच्या माथ्यापर्यंत मोटार जाते; मुले उतरतात, छायाचित्र काढतात, वेफर्स खातात आणि परत बसतात. याला सहल म्हणता येईल, चालणे म्हणता येणार नाही. नर्मदा परिक्रमा आपल्याला गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'मुळे घरबसल्या परिचित आहे. पण ती नदी ज्यांच्या इतकी जवळ, त्या आपल्या मुलांना चार किलोमीटरही चालण्याची सवय नसावी, हे मनाला लागते.

यावर पालकांचा पहिला आक्षेप असतो वेळेचा. रविवारीही शिकवणी असते हे खरे. पण वर्षातून सहा रविवारांच्या सकाळी मागणे फार नाही. दुसरा आक्षेप धोक्याचा, आणि तो गंभीर आहे. जुलै २०११ मध्ये पातालपाणीच्या धबधब्याशी, नदीच्या पात्रात उभ्या असलेल्या एका कुटुंबातील माणसे अचानक आलेल्या लोंढ्यात वाहून गेली, हे इंदूरकर विसरलेले नाहीत. वर कोठे तरी पाऊस पडतो आणि खाली ऊन असताना पाणी चढते. म्हणून माझा नियम असा, की पावसाळ्यात धबधबा दुरून पाहावा, पात्रात कधीही उतरू नये आणि मुलांना पायी नेण्यासाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने निवडावेत. धोका ऋतू आणि जागा ओळखून टाळता येतो. त्यासाठी मुलांना घरात कोंडण्याचे कारण नाही.

आणखी काही सूचना. सकाळी सातपर्यंत चालू लागावे व उन्हे तापण्यापूर्वी परतावे. पुरेसे पाणी, दाणे-गूळ आणि बंद बूट असावेत. चालण्याचा वेग सर्वांत लहान मुलाने ठरवावा. कड्याखाली आग्या मोहोळ असते, तेथे दगड मारू नये की धूर करू नये. दमा आटोक्यात असलेल्या मुलाला घरी ठेवू नये. त्याचा इन्हेलर खिशात असावा इतकेच. हृदयविकार असलेल्या मुलाबाबत मात्र आधी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

आपल्या संस्थेचे स्नेहसंमेलन, व्याख्याने, तपासणी शिबिरे नेमाने होतात, याचा मला अभिमान आहे. या कार्यक्रमांच्या यादीत येत्या डिसेंबरपासून एक रविवार घाटमाथ्यासाठी राखून ठेवावा, अशी माझी सर्व सभासदांना विनंती आहे. रुग्णकुटुंबांनाही आमंत्रण द्यावे. मोटारी पायथ्याशी ठेवाव्यात आणि डॉक्टरांनी स्वतः मुलांबरोबर चढावे. आपल्याला चढताना पाहिलेल्या पालकांना 'हालचाल वाढवा' हे वेगळे सांगावे लागणार नाही.