एका संगणकाची दोन दारे

नांदेडहून गोदावरीच्या काठाने निघाले की विष्णुपुरी लागते. शंकरराव चव्हाणांच्या नावाने ओळखला जाणारा शंकर सागर जलाशय येथलाच. 1981 साली स्थापन झालेली श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्था येथे आहे आणि 17 सप्टेंबर 1994 रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही येथेच आहे. मोंढ्यातील व्यापारी घरांतील मुले दिवसा येथे संगणकशास्त्र शिकतात आणि सायंकाळी दुकानाच्या गादीवर येऊन बसतात. दोन पिढ्यांची दोन शास्त्रे अशा वेळी एकाच टेबलावर समोरासमोर येतात.

अशाच एका पेढीवर नुकताच एक प्रश्न उभा राहिला. पेढीचा संगणक आठ-नऊ वर्षांचा. त्यावर विंडोज 10 आणि टॅली. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, विंडोज 10 चा नियमित आधार थांबविला. विंडोज 11 ला ठरावीक नवे प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षा-सुविधा लागते. जुन्या यंत्रात ती नव्हती. महाविद्यालयात शिकणारा नातू म्हणाला, "आजोबा, यंत्र धडधाकट आहे, टाकून कशाला द्यायचे? टॅलीसाठी विंडोज राहू द्या, शेजारी लिनक्स बसवू. सुरू करताना हवे ते दार उघडायचे."

आजोबांनी चष्मा पुसला आणि एकच प्रश्न विचारला, "माझ्या वहीला धक्का लागणार नाही, हे लिहून देतोस?"

नातू गप्प राहिला. त्या प्रश्नात केवळ जुन्या पिढीचा संशय नव्हता. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम 36 नुसार त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने हिशेबाची कागदपत्रे जपावी लागतात. पूर्वी खतावणीचे पान फाटले तर ते एकच पान जाई. डिस्कच्या विभागणीत एक चूक झाली तर सारी वर्षे एका क्षणात जातात.

योजना समजायला अवघड नाही. डिस्क म्हणजे एक वाडा. त्याच्या मधोमध भिंत घालून दोन बिऱ्हाडे करायची. एकात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स. संगणक चालू होताच 'ग्रब' नावाचा छोटा कार्यक्रम दारावरच्या दिवाणजीसारखा विचारतो, कोणाकडे जायचे? ज्याचे नाव घ्यावे तेच बिऱ्हाड जागे होते, दुसरे झोपलेले राहते. म्हणून टॅली आणि लिनक्स एकाच वेळी चालत नाहीत. एकातून दुसऱ्यात जाण्यासाठी संगणक पुन्हा सुरू करावा लागतो.

लिनक्सचा गाभा 1991 मध्ये फिनलंडचे विद्यार्थी लायनस टॉरवाल्ड्स यांनी लिहिला. तो विनामूल्य आहे आणि त्याच्या आधारे अनेक प्रणाली निघाल्या. लिनक्स मिंट ही त्यांतली सोपी समजली जाते. तिला किमान 20 जीबी जागा लागते, 100 जीबी असलेली बरी. आपल्याकडे सी-डॅकनेही भारतीय भाषांचा विचार करून 'बॉस' ही लिनक्स प्रणाली तयार केली आहे.

आजोबांच्या प्रश्नामुळे नातवाने कामाचा क्रमच बदलला. आधी प्रत, मग प्रयोग. टॅलीच्या कंपन्यांचा बॅकअप त्याने बाहेरच्या डिस्कवर घेतला, दुसरा पेनड्राइव्हवर. आजोबा म्हणाले, "प्रत घेतली हे कळले. ती उघडते का?" तेव्हा नातवाने आपल्या लॅपटॉपवर ती प्रत पूर्ववत करून मागच्या मार्चअखेरचा ताळेबंद आजोबांसमोर ठेवला. दोन्ही बाजूंच्या बेरजा मूळ संगणकातल्या आकड्यांशी जुळल्यावरच आजोबांनी मान हलविली. उघडून पाहिलेली प्रत हीच खरी प्रत. बँकेत रोकड मोजूनच तिजोरी बंद करतात, त्यातलाच हा प्रकार.

पुढची पथ्ये त्याने एका कागदावर लिहिली. डिस्कवर बिटलॉकर चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून कपाटात ठेवायची; नाही तर बदलानंतर विंडोज ती मागते आणि ती नसेल तर डिस्क उघडत नाही. विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' बंद करायचे, कारण त्यात विंडोज पूर्ण मिटत नाही, अर्धवट झोपते, आणि त्या अवस्थेत दुसऱ्या प्रणालीने त्याच्या फायलींत लिहिले तर हिशेब बिघडू शकतो. जागा कमी करायची ती विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून. विंडोज आधी असावे आणि लिनक्स नंतर बसवावे. पेनड्राइव्हवर लिनक्स उतरविताना त्यावरचे सारे पुसले जाते, म्हणून बॅकअपचा पेनड्राइव्ह वेगळा ठेवायचा. आणि डिस्कला हात लावण्याआधी पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून छपाईयंत्र, वायफाय आणि आवाज चालतो का, हे पाहून घ्यायचे.

एवढी तयारी झाल्यावर नातवालाच वाटले की, आहे त्याच डिस्कची भिंत हलवायची गरजच काय? संगणकात दुसऱ्या डिस्कला जागा होती. त्याने एक छोटी एसएसडी आणून बसविली. लिनक्स बसविताना जुन्या डिस्कची जोडणी काढून ठेवली आणि काम संपल्यावर परत लावली. जुन्या वाड्याला भिंत पडली नाही. शेजारी नवी खोली उभी राहिली. आजोबांची वही जिथल्या तिथे राहिली.

दोन दिवसांनी मात्र एक गंमत झाली. सकाळी 10 वाजता टॅली उघडले, तर घड्याळात पहाटेचे 4.30! विंडोज यंत्रातील घड्याळ स्थानिक वेळेचे समजते, तर लिनक्स ते जागतिक प्रमाणवेळेचे. दोन्हींत साडेपाच तासांचा, म्हणजे भारतीय वेळेचाच फरक. रात्री उशिरा नोंदी करणाऱ्या पेढीवर यामुळे तारीखही मागे जाऊ शकते. लिनक्सला यंत्राचे घड्याळ स्थानिक मानायला सांगितले, की प्रश्न मिटतो. त्यासाठी एक आज्ञा पुरते. पण ते पहिल्याच दिवशी पाहावे, मार्चअखेर नव्हे.

आता त्या पेढीवर बँकेचे व्यवहार, पत्रव्यवहार आणि विवरणपत्रे भरणे लिनक्सच्या दाराने होते. टॅलीतून निघालेली फाइल पेनड्राइव्हने तिकडे जाते. टॅलीचे दार इंटरनेटशिवाय चालते. अर्थात हा मार्ग सर्वांचा नाही. ज्यांची उलाढाल 5 कोटींहून अधिक आहे, त्यांना 1 ऑगस्ट 2023 पासून ई-इनव्हॉइस सक्तीचे आहे आणि टॅलीला थेट जाळ्याशी जोडून ते काढणाऱ्यांना ही युक्ती गैरसोयीची. डिजिटल स्वाक्षरीचे टोकनही बहुधा विंडोजवर सहज चालते. अशांनी नवा संगणक घ्यावा आणि जुना मुलांच्या अभ्यासाला द्यावा, हेच शहाणपणाचे. शिवाय दोन दारे म्हणजे दोन तिजोऱ्या नव्हेत. एका प्रणालीतून दुसरीची डिस्क दिसू शकते. ऑगस्ट 2024 मधील विंडोजच्या एका सुरक्षा अद्यतनानंतर अनेक ठिकाणी लिनक्सचे दार उघडेनासे झाले होते, हेही लक्षात असावे. म्हणून बॅकअप एकदा घेऊन भागत नाही. तो दर शनिवारी घ्यावा.

त्या पेढीवर आता दर शनिवारी दुकान वाढविण्यापूर्वी नातू बॅकअप घेतो आणि आजोबा त्या प्रतीतला एखादा खाते-उतारा उघडून दाखवायला सांगतात. एकदा नातवाने विचारले, "आजोबा, अजून विश्वास नाही?" आजोबा म्हणाले, "तुझ्यावर आहे रे. यंत्रावर ठेवण्याची आमच्या धंद्यात रीत नाही." आणि त्यांनी शिल्लक पुन्हा एकदा ताडून पाहिली.