जोतीरावांचे नाव आणि बेघर बाईचे कार्ड

गोंदिया हे मोठे जंक्शन. मुंबई-हावडा मार्गावरचे, बालाघाटची नि बल्लारशाची गाडीही येथूनच सुटते. अशा ठेसनावर टाकलेल्या, रांडावलेल्या, डोके फिरलेल्या बाया कोठून कोठून येऊन पडतात. शेतकरी बंधूंनो, त्या आकाशातून पडत नाहीत. नवरा मेला, सातबाऱ्यावर नाव नाही, दीर घरात ठेवीत नाही, मग फलाट. त्या आपल्याच घरांतून निघालेल्या असतात.

अशा बाईला तापाची गोळी सरकारी दवाखान्यात मिळते. खरी अडचण मोठ्या दुखण्याची. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रियेचा खर्च सरकार सोसते. पण त्यासाठी शिधापत्रिका किंवा अधिवासाचा दाखला लागतो, वर फोटोचे ओळखपत्र. सरकारी महिलाश्रमातल्या बायांचा समावेश योजनेत आहे. म्हणजे आधी छप्पर मिळवा, मग आजारी पडा! जिला घरच नाही तिने घराचा कागद कोठून आणावा?

आणि योजनेला नाव कोणाचे? ज्यांनी सावित्रीबाईंसह १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, फसलेल्या विधवांना गुप्तपणे बाळंत होता यावे म्हणून. तेथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच पुढे डॉक्टर यशवंत. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई त्याच्याच दवाखान्यात रोगी पोचवीत होत्या, आणि त्यातच १० मार्चला गेल्या. कार्ड कोणाचे पाहिले होते त्यांनी?

हे अशक्य आहे असेही नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम १८ सांगते की, निराधार व बेघर मनोरुग्णाचे उपचार फुकट झाले पाहिजेत. दारिद्र्यरेषेच्या कार्डावाचून ते अडत नाहीत. कलम १०० प्रमाणे भटकणाऱ्या रोग्याला चोवीस तासांत सरकारी दवाखान्यात पोचवणे पोलिसांचे काम. कोठडीत डांबता येत नाही. डोक्याच्या दुखण्याला कार्ड नको, मग गर्भाशयाच्या गाठीला का हवे?

गेल्या पावसाळ्यात अशाच एका म्हातारीबरोबर मी एका दवाखान्यात गेलो. "तुम्ही कोण लागता?" हे तीनदा विचारले. शेवटी भाऊ म्हणून सही केली, तेव्हा खाट मिळाली. खोटे लिहिले, हे कबूल. पण दर बाईला असा भाऊ कोण पुरवणार?

बेघरपणाचा दाखला दवाखान्यातल्याच समाजसेवा अधीक्षकाने द्यावा, आणि तेवढ्यावर फुले योजना लागू व्हावी. मत मागायला येणाऱ्यांस दारात उभे करून हे विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत चहा देऊ नका.