भाड्याच्या घराचा कागदी हिशेब

दुसरा फ्लॅट गुंतवणूक म्हणून घ्या, असं सांगणारा बिल्डर भाड्याचा आकडा तोंडपाठ सांगतो. तो आकडा खिशात पडेपर्यंत कुठे कुठे झिजतो, हे मात्र घेणाऱ्याला नंतर कळतं. इथे बाजू मांडतोय ती पुण्या-मुंबईतल्या एकाच जास्तीच्या फ्लॅटच्या मालकाची. दहा फ्लॅटवाल्यांकडे वकील असतात.

१. 'अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही' हे वाक्य महाराष्ट्रात खोटं आहे. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय लेखी करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं. ते खोटं पाडायचं काम मालकाचं.

२. सरकारी खर्च फार नाही. वीस हजार भाडं, पन्नास हजार डिपॉझिट, अकरा महिने: एकूण भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं दहा टक्के व्याज यांच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे साडेपाचशेच्या आसपास. शहरात नोंदणी फी हजार. दुखणं वेगळं आहे. नोंदणी ऑनलाइन असली तरी बहुतेकांच्या घरी एजंटच लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन येतो. मालकीण पंचाहत्तरीची असेल तर अंगठा उठत नाही. हात धुवा, पुसा, दुसरं बोट लावा, आधारचा सर्व्हर बंद, 'काकू, उद्या येतो'. त्याची फी वेगळी, दलालाची आणखी वेगळी. भाडेकरू वर्षाने बदलला की हे सगळं पहिल्यापासून, वर रंगकाम आणि रिकामा गेलेला एखादा महिना.

३. सोसायटी. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाने बिनवापर शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर जाऊ शकत नाही, आणि त्या सेवाशुल्कात पालिकेचा कर धरायचा नाही. तरीही कुठे 'ट्रान्सफर डोनेशन', कुठे शिफ्टिंगचे पैसे, कुठे कमिटीपुढे भाडेकरूची तोंडी परीक्षा. लग्न झालंय का, काय खाता, हे विचारायचा अधिकार कमिटीला कुणी दिला? नोंदणीकृत कराराची प्रत दिली की विषय संपायला हवा. त्याउपर 'एनओसी'साठी अडवणाऱ्या कमिटीला उपनिबंधकांनी दंड करावा.

४. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात चाळीस टक्के सवलत मिळते. घर भाड्याने दिलं की जाते. त्या घरात माणूसच राहतो ना? वाढलेला कर शेवटी भाड्यातच मिसळतो, म्हणजे ज्याला स्वतःचं घर घेता आलं नाही त्याच्याच माथी येतो. मालक राहो वा भाडेकरू, राहत्या घराला एकच दर लावावा.

५. मुलगा अमेरिकेत आणि फ्लॅट कोथरूडमध्ये, असं असेल तर गुंता भाडेकरूच्या गळ्यात. मालक अनिवासी असल्यास भाडं कितीही असो, भाडेकरूने टॅन काढायचा, ३१.२ टक्के करकपात करायची आणि विवरणही भरायचं. मालक इथलाच असता तर महिना पन्नास हजारांवरच्या भाड्यालाच दोन टक्के, तेही नुसत्या पॅनवर. अनिवासी मालकाच्या बाबतीतही पॅन पुरेसा का नसावा?

६. मालकांनीही फार रडू नये. प्राप्तिकरात दुरुस्तीपोटी तीस टक्के वजावट मिळते, एक खिळा ठोकला नसला तरी. भाडं रोखीने घेऊन विवरणात न दाखवणारे, डिपॉझिटमधून 'रंगाचे पैसे' म्हणून वाटेल तेवढं कापणारे, नोंदणीचा सगळा खर्च भाडेकरूवर ढकलणारे आपल्यातच आहेत.

७. तरी २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटीहून जास्त घरं रिकामी होती, आणि त्याला हा जाच हे एक कारण आहेच. म्हणून मागणी छोटी ठेवतो. एकदा नोंदणी झाली की कराराची माहिती त्याच प्रणालीतून सोसायटी, पालिका आणि पोलीस ठाण्याकडे जावी, आणि अंगठा न उठणाऱ्या ज्येष्ठांना मोबाइलवरच्या ओटीपीचा पर्याय मिळावा.