रूट कॅनलनंतर दातात ‘पोस्ट’ हवाच का? होकार देण्याआधी हे वाचा

रूट कॅनल झालं, ठणका थांबला. मग डॉक्टर म्हणतात, ‘दात पोकळ झालाय, पोस्ट घालू, मजबूत होईल.’ आपण मान डोलावतो. मला मात्र इंजिनीअरिंगचा अभ्यास आठवला. कमजोर भिंतीत आणखी भोक पाडून ती मजबूत कशी होईल?

पोस्ट म्हणजे काय?
दाताच्या मुळीत बसवलेली बारीक खुंटी. दाताचा वरचा भाग बराच तुटला असेल, तर तिथे भराव घालून त्यावर कॅप बसवतात. हा भराव धरून ठेवणं एवढंच पोस्टचं काम. त्यानं दाताची ताकद वाढत नाही. त्यासाठी मुळी जास्त कोरली, तर ती कमीच होते.

मग ताकद कशात?
उरलेल्या दातात. हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर चांगला दात शिल्लक असेल, तर कॅप त्याला पिंपाच्या कड्यासारखी आवळून धरते. याला ‘फेरूल’ म्हणतात.

धातू की फायबर?
दातातल्या डेंटिनची ताठरता सुमारे १८ गिगापास्कल, स्टीलची २००च्या आसपास. चावताना दात किंचित वाकतो, स्टील जवळपास वाकत नाही. ताण मुळीवर येतो. मुळी उभी चिरली, तर बहुतेक वेळा दात काढावाच लागतो. ग्लास फायबरची ताठरता डेंटिनच्या बरीच जवळ. तो पोस्ट बिघडला, तर बहुधा सुटून येतो आणि पुन्हा बसवता येतो.

कुणाला गरज?
दाढेच्या आत भरावाला पुरेशी जागा असते. तिला सहसा पोस्ट लागत नाही, कॅप मात्र हवीच. पुढच्या दाताला लहान भोक असेल, तर साधं फिलिंग पुरतं. वरचा भाग फारसा उरलाच नसेल, तेव्हा पोस्ट खरंच कामाला येतो.

काय विचाराल?
दात किती शिल्लक आहे? पोस्टशिवाय भराव टिकणार नाही का? मुळीच्या टोकाशी चार-पाच मिलिमीटर सील राहील ना?

माझं मत स्पष्ट आहे. एक्स-रे दाखवून कारण सांगितल्याशिवाय पोस्ट बिलात येऊ नये. पण चूक आपलीही असते. दुखणं थांबलं की कॅप ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून राहते आणि एक दिवस शेंगदाणा चावताना दाढ दुभंगते. तेव्हा कुठलाच पोस्ट कामाला येत नाही.