अव्वलांच्या पंक्तीत मुंबई सिटी?

कोलकात्याच्या मातब्बर क्लबांच्या पंक्तीत महाराष्ट्रातील फुटबॉल क्लब बसू शकेल काय, या प्रश्नाचे उत्तर गुणतक्त्यात शोधायचे तर ते केव्हाच मिळाले आहे. २०१४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सिटीने २०२०-२१ च्या मोसमात इंडियन सुपर लीगमध्ये साखळीतील अग्रस्थान आणि करंडक असे दोन्ही मान पटकावले. २०२२-२३ मध्ये २० सामन्यांत ४६ गुणांची कमाई करून अग्रस्थान पुन्हा मिळविले, तर मे २०२४ मध्ये सॉल्ट लेकवर मोहन बागानलाच ३-१ असे नमवून दुसऱ्यांदा करंडक उंचावला. एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लबही हाच.

प्रश्न आहे तो टिकण्याचा. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली. २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता ठरला आणि काही वर्षांतच मैदानावरून दिसेनासा झाला. यांपैकी कोणताही संघ खेळात कमी पडला म्हणून संपला नाही. मालकाचे मन बदलले, एवढेच! मुंबई सिटीचे वैभवही २०१९ मध्ये ६५ टक्के हिस्सा घेणाऱ्या सिटी फुटबॉल ग्रुपच्या पैशावर आणि व्यवस्थेवर उभे राहिले. लीगचे व्यापारी भवितव्य अधांतरी असताना, डिसेंबर २०२५ मध्ये, हा समूह बाहेर पडला आणि हिस्सा मूळ मालकांकडे परतला.

कोलकात्यातही मालक बदलतात. २०२० मध्ये मोहन बागानच्या नावापुढे 'एटीके' ही अक्षरे चिकटली, तेव्हा पाठीराख्यांनी ती मानली नाहीत आणि २०२३ मध्ये ती काढावी लागली. मुंबईत असा दबाव आणणार कोण? अंधेरीच्या मैदानात दहा हजार प्रेक्षकही मावत नाहीत. २०२३ च्या आशियाई लीगसाठी 'घरचे' सामने बालेवाडीला आणि अल हिलालविरुद्धचा सामना नवी मुंबईला न्यावा लागला. त्या मोसमात गटातील सहाही लढती गमावल्या, हे वेगळेच.

राज्याच्या अंतर्भागाशी तर या क्लबाचे नाते बहुतांशी दूरचित्रवाणीपुरते. अंधेरीपासून सुमारे चारशे किलोमीटरवरील बीडमध्ये दमदार पायांची वाण नाही. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावला. पण त्याच्यातील धावपटू हेरला तो लष्कराने, कोणत्याही क्लबाने वा अकादमीने नव्हे. बीड, परभणी, लातूरमधून पोरे हेरून त्यांना वर्षानुवर्षे घडविण्याचा खर्च दर काही वर्षांनी बदलणारा मालक करील, असे मानणे कठीण आहे. त्यामुळे जेतेपदे मिळवूनही मुंबई सिटीला आज अव्वल म्हणायचे ते हातचे राखूनच. नव्या व्यवस्थेत दोन-तीन मोसम तक्त्याच्या मध्यावर गेले, तरी अंधेरीच्या स्टँडमध्ये किती माणसे उरतात, हे आधी पाहावे लागेल.