दरपत्रक आणि दुरुस्ती
ट्रॅक्टर घेऊ इच्छिणारा शेतकरी जेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणचे दरपत्रक तालुक्याच्या विक्रेत्याच्या दरपत्रकाशेजारी ठेवून दोहोंतील वीस-पंचवीस हजारांची तफावत न्याहाळतो, तेव्हा त्या रकमेचा मोह मला मुळीच क्षुल्लक वाटत नाही. कारण सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर उतरला, तरी उरलेली रक्कम पुष्कळदा सातबाऱ्यावर बोजा चढवूनच उभी करावी लागते. परंतु काळ्या जमिनीत रब्बीच्या पेरणीचा वाफसा मोजकेच दिवस टिकतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत हायड्रॉलिकचे एखादे रबरी सील फाटून तेल गळू लागले व पेरणीयंत्र उचलले जाईनासे झाले, म्हणजे ज्याच्या फडताळात तो किरकोळ सुटा भाग शिल्लक आहे व ज्याचा मिस्त्री दुचाकीला पान्ह्यांची पिशवी अडकवून दिवस मावळण्यापूर्वी बांधावर येतो, त्या विक्रेत्याचे मोल या तफावतीहून कितीतरी अधिक ठरते. म्हणून बयाणा देण्यापूर्वी दर्शनी दालनातील अगत्याला न भुलता मागील कार्यशाळेत जावे, क्लचप्लेटा व फिल्टर शिलकेत असतात की मागवावे लागतात याची चौकशी करावी, आणि त्याच बनावटीचा ट्रॅक्टर बाळगणाऱ्या शेजाऱ्यांना, ऐन हंगामात किती खोळंबा झाला, हे अवश्य विचारावे. विक्रेता जवळचा असूनही पेरणीच्या दिवसांत फोन उचलत नसेल, तर त्याला एक रुपयाही अधिक देण्यास सबळ कारण मला दिसत नाही.