सदाफुली, नरक्या आणि पेशींची पानगळ

तुळशीच्या शेजारीं सदाफुलीचें एखादें रोप पुष्कळ घरांच्या अंगणांत असतें. तिला पाणी घालण्याची आठवण कोणास फारशी होत नाहीं. तरी ती बापडी बाराही महिने फुललेली असते. परंतु घरांत कोणास कर्करोग झाल्याचें निदान झालें कीं, याच उपेक्षित रोपाकडे सर्वांची दृष्टि वळते. “त्यांतूनच म्हणे औषध काढतात,” असें कोणी तरी सांगतें, आणि दुसऱ्या दिवसापासून पानांचा रस सुरू होतो. या समजुतींत खरें किती आणि घातक किती, हें वाचकांनीं नीट पाहावें.

खरें आहे तें असें. १९५८ च्या सुमारास कॅनडांतील नोबल व बिअर या संशोधकांनीं मधुमेहावरील गुण तपासण्यासाठीं सदाफुलीचा अर्क उंदरांस दिला. साखर उतरली नाहीं; उतरल्या त्या रक्तांतील पांढऱ्या पेशी! त्या धाग्यावरून व्हिन्ब्लास्टिन व व्हिन्क्रिस्टिन हीं द्रव्यें हातीं आलीं. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टिन आजही दिलें जातें.

याहून बोधप्रद कथा दुसऱ्या एका द्रव्याची आहे, आणि तिचा आपल्या प्रांताशीं दुहेरी संबंध आहे. नंदुरबार येथें १९२५ सालीं जन्मलेले मनसुख वाणी मुंबईस रसायनशास्त्र शिकून पुढें अमेरिकेंत गेले. तेथें मन्रो वॉल यांच्यासह त्यांनीं १९६६ सालीं एका चिनी वृक्षांतील कॅम्प्टोथेसिन या द्रव्याची रचना प्रसिद्ध केली. (टॅक्सॉलची रचनाही याच जोडीनें १९७१ सालीं उलगडली.) नंतर १९७२ सालीं मुंबईच्या गोरेगांव येथील सिबा संशोधनकेंद्रांत गोविंदाचारी व विश्वनाथन यांना तेंच द्रव्य आपल्या सह्याद्रींतील नरक्याच्या झाडांत, तेंही चिनी वृक्षाहून अधिक प्रमाणांत, सांपडलें. या झाडाला दुर्गंधी येते, म्हणून शास्त्रज्ञांनींही लॅटिनमध्यें त्याला नांव ठेवलें होतें. पण शोधानंतर त्याच झाडाची अशी बेसुमार तोड झाली कीं, घाटांत तें दुर्मिळ होत गेलें.

हें द्रव्य पेशीला मारतें कसें? पेशीच्या केंद्रांत आनुवंशिक सूत्राचे दोन धागे एकमेकांभोवतीं पिळलेले असतात. पेशी दुभंगण्यापूर्वीं ते उलगडावे लागतात. आणि पिळाच्या दोरीचे पदर मधूनच ओढूं लागलें असतां पुढचा पीळ जसा आवळत जातो, तसाच येथेंही आवळतो. तो सैल करण्यासाठीं एक विकर त्यांतला एक धागा क्षणभर कापतें, पीळ सुटूं देतें, आणि टोकें पुन्हां सांधतें. कॅम्प्टोथेसिन नेमकें त्या कापलेल्या जागीं पाचरीसारखें बसतें; मग सांधा जुळत नाहीं. हें वर्म १९८५ सालीं उघड झालें. सूत्राची नक्कल करणारी यंत्रणा तेथें येऊन आदळली कीं, दोन्ही धागे तुटतात. दुरुस्ती होत नाहीं असें झालें म्हणजे पेशी स्वतःच आपला अंत आरंभिते: तंतुकणिकांतून इशारा देणारें प्रथिन बाहेर पडतें, कातरणारीं विकरें जागीं होतात, आणि पेशी आकसून, तुकडे होऊन, शेजारणींच्या पोटांत निमूटपणें विलीन होते. अशा नियत मृत्यूला केर, वायली व करी यांनीं १९७२ सालींच अपॉप्टोसिस हें ग्रीक नांव दिलें. त्याचा अर्थ पानगळ! गर्भांत असतां आपल्या बोटांमधला पडदा झडतो, तोही याच रीतीनें. कर्करोगाच्या पेशी हें झडणेंच विसरलेल्या असतात.

परंतु या द्रव्याला शत्रु-मित्र ओळखतां येत नाहीं. जी पेशी भराभर दुभंगते तिच्यावर त्याचा घाव. मग ती गांठींतली असो, आंतड्याच्या अस्तराची असो, वा अस्थिमज्जेची. १९७० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत तें रोग्यांस देऊन पाहिलें, तेव्हां मूत्राशयांतून रक्तस्राव होऊं लागला आणि प्रयोग थांबवावे लागले. रेणूंत फेरफार केल्यावरच त्यापासून इरिनोटेकॅन व टोपोटेकॅन हीं औषधें झालीं. अमेरिकेंत त्यांना १९९६ सालीं मान्यता मिळाली. झाडानें दिलें तें जसेंच्या तसें उपयोगीं पडलेंच नाहीं, हें लक्षांत घ्यावें.

मग सदाफुलीच्या रसाचें काय? त्या रोपांत शंभराहून अधिक अल्कलॉइडें आहेत; त्यांची मात्रा घरांत कोण मोजणार? व्हिन्क्रिस्टिन तर पोटांतून नीट शोषलेंही जात नाहीं, म्हणून तें मोजून शिरेंतूनच देतात. रोग्याच्या वांट्यास बाकीचें विष तेवढें येतें. एकत्र कुटुंबांत वडीलधाऱ्यांचा शब्द मोडवत नाहीं. सूनबाई मुकाट्यानें काढा उकळतात आणि डॉक्टरांस कोणी सांगत नाहीं. आज काढतां येण्याजोगी गांठ दोन-तीन महिन्यांच्या काढ्यानंतर तशी राहीलच, असें नाहीं. आमच्या छत्रपती संभाजीनगरांत २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. मराठवाड्यांतील रोग्यानें आधीं तेथें जावें, आणि घरीं जें कांहीं पोटांत घेतलें असेल तें संकोच न धरतां सांगावें.

जातां जातां दौलताबादच्या सीताफळाविषयीं. त्याच्या बियांतील द्रव्यें कांचपात्रांत कर्करोगाच्या पेशी मारतात हें खरें. पण तीं तंतुकणिकांचें कार्यच बंद पाडतात, आणि मज्जातंतूंच्या पेशींनाही तें कार्य हवेंच असतें. वेस्ट इंडीजमधील ग्वादलूप बेटावर याच कुळांतील फळें व पानांचा काढा नित्य घेणाऱ्यांत कंपवातासारखा विकार अधिक आढळल्याचें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें आहे. डॉक्टरांची मनाई नसेल तर रोग्यास हंगामांत एखादें फळ प्रेमानें द्यावें. बियांची पूड मात्र उवांसाठींही डोळे सांभाळूनच वापरावी, कारण ती डोळ्यांत गेल्यास बुबुळास इजा होते.